मोजून दिलेल्या पट्ट्या

सोमवार, ४ मार्च

निवृत्त होऊन अकरा महिने झाले आणि आज पुन्हा मला पद मिळालं. 'गुणवत्ता अधिकारी.' मेहुण्यानं खोलीच्या दारावर पाटीसुद्धा लावली आहे. पाटीला सध्या एकच खिळा आहे, त्यामुळे ती जरा कलते, पण दुसरा उद्या ठोकतो म्हणाला.

मेहुण्याचा कोंबड्यांचा कारखाना आहे. एका दारानं जिवंत कोंबड्या येतात, दुसऱ्या दारानं ट्रेमध्ये गुंडाळलेलं मांस बाहेर पडतं. मधे काय होतं ते मी आजवर विचारलं नव्हतं आणि त्यानंही कधी जेवताना सांगितलं नव्हतं. आता त्याला एका मोठ्या दवाखान्याच्या स्वयंपाकघराचं काम मिळतंय. त्यांच्या दोन अटी आहेत. महिनाअखेरपर्यंत लागोपाठ तीन अहवाल स्वच्छ हवेत, म्हणजे बंद पुडक्यात साल्मोनेला नावाचा जंतू सापडता कामा नये. आणि कारखान्यात एक गुणवत्ता अधिकारी हवा. पहिल्या अटीसाठी प्रयोगशाळा आहे, दुसऱ्या अटीसाठी मी.

"भाऊजी, तुम्ही नुसतं लक्ष ठेवा," मेहुणा म्हणाला. चौतीस वर्षं रेकॉर्ड रूममध्ये मी दुसरं काय केलं? एक कागद हरवू दिला नाही.

मागचे अहवाल चाळले. गेल्या तीन वर्षांत एकदाही जंतू नाही. लक्ष ठेवायला कुणी नसताना! निव्वळ नशीब. पण नशिबाच्या भरवशावर किती दिवस चालणार?

निघताना ही म्हणाली, "ती डबी तरी घरी ठेवा." डबी म्हणजे माझी स्पंजाची डबी. पानं उलटायला बोट थुंकीनं ओलं करणारी माणसं मी जन्मभर पाहिली, मला किळस येते. मी ते कधीही केलं नाही. ओल्या स्पंजावर बोट टेकवायचं, पान उलटायचं. निवृत्तीच्या दिवशी ऑफिसनं ही नवी स्टीलची डबी दिली, झाकणावर 'हेडक्लार्क' कोरून. हिला ती स्वयंपाकघरात आलेली चालत नाही. वास येतो म्हणते. बायकांना कशाचाही वास येतो.

मंगळवार, ५ मार्च

कारखान्याचे दोन भाग आहेत. मळका आणि स्वच्छ. मळक्या भागात कोंबड्या उतरवतात, कापतात, गरम पाण्यात बुडवून पिसं काढतात, आतडी काढतात. मग बर्फाच्या पाण्यातून त्या भिंतीपलीकडे जातात. पलीकडे तुकडे करून ट्रेमध्ये भरतात आणि वरून पातळ प्लास्टिक ताणून बसवतात. मधल्या दाराशी बूट बदलायचे, हात धुवायचे.

मी फेरीचा क्रम ठरवला. कोंबडी जशी जाते तसा मी जाणार. आधी उतरवणं, मग कापणं, मग आतडी, शेवटी पॅकिंग. फाईल कशी टेबलावरून टेबलावर पुढे सरकते, तसं. नोंदवही काखेत, डबी खिशात. प्रत्येक टेबलाशी थांबायचं, वही टेबलावर उघडायची, वेळ लिहायची, सही करायची.

पॅकिंगला पाच बायका आहेत. त्यांच्या मुख्य बाईला सगळे अक्का म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. अठरा वर्षं त्या एकाच टेबलाशी उभ्या आहेत. मी आत गेलो तर नमस्कार वगैरे काही नाही, म्हणाल्या, "साहेब, उलटं फिरा की. आधी आमच्याकडे या, मग तिकडे जा."

"का?"

"तिकडची घाण इकडे नको."

मी मधल्या दाराशी घड्याळ लावून अर्धं मिनिट हात धुतले होते! अर्धं मिनिट! तिथं उभा असलेला माणूस कंटाळून निघून गेला. अक्कांना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "हात धुतले हो, पण..." आणि माझ्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं. नव्या साहेबाची परीक्षा घेणं, दुसरं काय. मी हसून सोडून दिलं.

मग नोंदवही सापडेना. दोन मिनिटं सगळ्या टेबलांखाली शोधली. शेवटी एक बाई म्हणाली, "काखेत कळसा." पाचही जणी हसल्या. शिस्त अशी बिघडते.

शुक्रवार, ८ मार्च

आज पहिला घोटाळा पकडला.

ट्रेमध्ये मांसाखाली एक पांढरी पट्टी घालतात. मांसाला सुटणारं पाणी ती शोषून घेते. एका ट्रेला एक पट्टी. मी एक ट्रे उघडून पाहिला, तर दोन! अक्का शांतपणे म्हणाल्या, "तंगड्यांना पाणी जास्त सुटतं साहेब. एकीनं भागत नाही." म्हणजे हे वर्षानुवर्षं चाललंय, आणि कुठेही नोंद नाही.

आजपासून पट्ट्यांचे गठ्ठे कपाटात, किल्ली माझ्या ताब्यात. रोज सकाळची फेरी संपली की मी स्वतः सील फोडून पट्ट्या मोजून देणार, जितके ट्रे तितक्या पट्ट्या. पट्ट्या एकमेकींना चिकटलेल्या असतात, अक्कांना एकेक सोडवायला वेळ लागायचा. मी डबी काढली, बोट टेकवलं आणि चार मिनिटांत तीनशे मोजल्या. पाची जणी बघत राहिल्या. रेकॉर्ड रूममध्ये माझ्या हाताचा वेग प्रसिद्ध होता.

अक्का म्हणाल्या, "साहेब, ती डबी बाहेर ठेवता का?"

हिनं फोन करून सांगितलं की काय! घरात ही, इथं या. मी म्हणालो, "अक्का, मी थुंकी लावत नाही. नीट बघा. शुद्ध पाणी आहे."

"कधीचं?"

हा काय प्रश्न झाला? पाणी आटलं की मी वर थोडं घालतो. स्पंज कोरडा पडू देत नाही.

दुपारी लॅबच्या बाई आल्या. पाच पुडकी घेऊन गेल्या, बर्फाच्या पाण्याचा, त्यातून निघालेल्या कोंबडीचा आणि पॅकिंगच्या टेबलांचा नमुना घेतला. कमी बोलतात. चार दिवसांनी कळेल. दवाखान्यासाठीचा माल तोवर गोठवून ठेवायचा, अहवाल स्वच्छ आला तरच गाडी निघेल.

मंगळवार, १२ मार्च

पाचांपैकी दोन पुडक्यांत जंतू.

मेहुण्याचा चेहरा उतरला. त्या तारखेचा सगळा माल जाळावा लागणार. मी मात्र डोकं शांत ठेवलं. कागद नीट वाचला तर कागदच बोलतो. बर्फाचं पाणी स्वच्छ. बर्फातून निघालेली कोंबडी स्वच्छ. टेबलं स्वच्छ. मग पुडक्यात जंतू आला कुठून? उघड आहे. पॅकिंग. म्हणजे पाच बायका.

मी आलो म्हणून हे उघडकीला तरी आलं. तीन वर्षं कुणाला पत्ता नव्हता.

गुरुवार, १४ मार्च

काल लॅबच्या बाईंना बोलावून पाचही जणींच्या हातांचे नमुने घ्यायला लावले. अक्कांनी दोन्ही हात पुढे केले. गार पाण्यात राहून बोटं पांढरी पडलेली, नखं मुळापर्यंत कापलेली. माझ्याकडे पाहिलं नाही. मला जरा कसंतरी झालं. मग मनाला बजावलं, कर्तव्य म्हणजे कर्तव्य.

भिंतीवर तीन नव्या सूचना लावल्या. त्यातली एक, 'आपण काय हाताळतो याचा विचार करा', माझी स्वतःची. ती लिहिताना वहीची बरीच पानं गेली.

रविवार, १७ मार्च

काल दुपारपासून पोट बिघडलंय. ताप, पाण्यासारखं होतंय. सविस्तर लिहीत नाही.

हिला म्हणालो, तुझ्या कालच्या भाजीचं काम. ही म्हणाली, "मीही तीच खाल्ली." मग काय, बायकांचं पोट दणकट असतं.

डॉक्टरांनी विचारलं, कामाला कुठे जाता? सांगितलं. त्यांनी विचारलं, हात धुता का? मला हसू आलं. जंतूंशी लढणाऱ्या माणसाला हे विचारतात!

कपडे भिजवताना हिनं माझ्या खिशातून डबी काढली, चिमट्यानं. चिमट्यानं! नंतर बराच वेळ हात धूत होती. हिचा वहम दिवसेंदिवस वाढतोय.

शुक्रवार, २२ मार्च

बुधवारी कामावर परतलो. बायकांच्या हातांचे अहवाल आले होते, सगळे हात स्वच्छ; नमुना देताना कोण हात धुणार नाही? आज सोमवारच्या नमुन्यांचा अहवाल आला. पाचही पुडकी स्वच्छ.

मेहुणा आनंदानं नाचला. मला आनंद झाला नाही असं नाही, पण विचार करावा लागतो. सोमवारी मी अंथरुणात होतो. मी नव्हतो तर पट्ट्या मोजल्या कुणी? कुणीच नाही! अक्कांनी मेहुण्याकडची दुसरी किल्ली घेऊन सीलबंद गठ्ठे स्वतः फोडले आणि लागतील तशा घेतल्या. म्हणजे मी नसताना या बायका मन लावून काम करतात आणि मी आलो की मुद्दाम निष्काळजीपणा. मला खोटं पाडायला! ऑफिसमध्येही अशी माणसं होती. चोराच्या मनात चांदणं.

ही म्हणाली, "मग तुम्ही दोन दिवस अजून घरी बसून बघा ना." थट्टा करायची वेळ असते.

खरं सांगायचं तर मला त्या शब्दांची भीती वाटते. घरी बसून. त्या अकरा महिन्यांत मी सकाळी कपडे करून खिडकीशी बसायचो आणि कुणालाच माझं काही काम नसायचं. एकदा मी हिच्या डाळीच्या डब्यांना क्रमांक दिले होते. तिनं ते दुपारपर्यंत राहू दिले.

शनिवार, २३ मार्च

पकडलं! रंगेहाथ!

सकाळी पट्ट्या मोजून दिल्या आणि चष्मा विसरला म्हणून लगेच परत आत गेलो. अक्का माझ्या मोजलेल्या पट्ट्या कचऱ्याच्या पिंपात टाकत होत्या. दुसऱ्या हातात सीलबंद गठ्ठा, ट्रेच्या खोक्यामागे लपवलेल्या साठ्यातला. मला पाहून घाबरल्यासुद्धा नाहीत.

"हे किती दिवस चाललंय?"

"जमेल तेवढं करते, साहेब. सगळ्या बदलायला गठ्ठे पुरत नाहीत. किल्ली तुमच्याकडे."

"का पण?"

"दोनदा सांगितलं तुम्हाला. तिसऱ्यांदा माझी छाती होत नाही. तुम्ही मालकांचे भाऊजी."

चोरी, नासाडी आणि वर उर्मटपणा! मी खोलीत येऊन अहवाल लिहायला घेतला.

सोमवार, २५ मार्च

गुरुवारच्या नमुन्यांचा कागद आला. पाचांत एक पुडकं दूषित. लागोपाठ तीनचं गणित महिनाअखेरीस काही जमत नाही.

माझा अहवाल मेहुण्यापुढे ठेवला. चार पानं, दोन जोडपत्रं. निष्कर्ष: पॅकिंगच्या मुख्य बाई मोजून दिलेल्या पट्ट्या टाकून न मोजलेल्या पट्ट्या वापरतात, संसर्गाचं मूळ तिथेच, त्यांना कामावरून दूर करावं.

मेहुण्यानं तो वाचला. पुन्हा वाचला. "भाऊजी, अक्का माझ्या वडिलांच्या वेळेपासून आहेत. मला नीट काम त्यांनी शिकवलं."

"मग मला तरी कशाला ठेवलंस?"

त्यानं पेनाचं टोपण काढलं. "ताई काय म्हणेल," एवढंच पुटपुटला आणि सही केली.

मंगळवार, २६ मार्च

अक्का गेल्या. जाताना बूट धुतले, उलटे करून रॅकवर ठेवले, एप्रनची घडी घातली. बाकीच्या चौघी तोंड फिरवून उभ्या होत्या. मधल्या दाराशी थांबून मला म्हणाल्या, "साहेब, एक करा. पट्ट्या मोजू नका."

जिंकल्यावर बोलू नये.

लगेच सगळ्या गठ्ठ्यांची सील फोडून एकदम नऊशे पट्ट्या मोजून ठेवल्या. दुपारी बाईंनी नमुने नेले. आता बघा.

शनिवार, ३० मार्च

पाचपैकी पाच.

पाचही पुडकी दूषित. अक्का नसताना. कागद तीनदा वाचला, चष्मा पुसून वाचला.

लॅबच्या बाई स्वतःच आल्या. म्हणाल्या, "अधिकारीसाहेब, रोजची फेरी करून दाखवा. मी मागून चालते, काही बोलत नाही." मी नेहमीप्रमाणे गेलो. आतड्यांच्या टेबलावर वही ठेवली, डबीत बोट टेकवलं, पान उलटलं, नोंद, सही. मधल्या दाराशी बूट बदलले, अर्धं मिनिट हात धुतले. वही काखेतून काढली. पॅकिंगला नवा गठ्ठा फोडला, डबीत बोट टेकवलं आणि मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन...

सतरावर त्या म्हणाल्या, "थांबा." बोलणार नव्हत्या, तरी बोलल्या.

"शिजवल्यावर जंतू मरतोच ना?" मी सहज विचारलं.

"मरतो. पण तोवर ते पुडकं किती हातांतून जातं? भाजी चिरणाऱ्याच्या, ताट वाढणाऱ्याच्या. आणि जेवणारे आजारी." मग हात पुढे केला. "ती डबी देता? दोन-चार दिवसांसाठी."

मी दिली. अभिमानानं दिली म्हटलं तरी चालेल. म्हणालो, "मी थुंकी लावत नाही."

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं आता वाटतंय. का कोण जाणे.

बुधवार, ३ एप्रिल

स्पंजात.

फोनवर बाईंनी सांगितलं, तेव्हा ही शेजारीच उभी होती. एवढ्याशा स्पंजात जंतू किती आहेत ते त्यांनी आकड्यात सांगितलं. चौतीस वर्षं आकडे लिहिले, पण तो आकडा मी लिहून घेतला नाही. आतड्यांच्या टेबलावरून वहीत, वहीतून बोटाला, बोटावरून स्पंजात. तिथं ओल, ऊब, आणि मी कधी आटू न दिलेलं पाणी. तिथून पट्टीवर, आणि पट्टी मांसाखाली. हात स्वच्छ धुऊन मग मी डबीत बोट घालत होतो. माझं पोटही त्या डबीनंच बिघडवलं असणार. भाजीचं नाव मी उगाच घेतलं.

तीन वर्षं जंतू नव्हता. मी आलो आणि आला. कागद पहिल्या दिवसापासून हेच बोलत होता.

मेहुणा आला. दवाखान्यानं मुदत वीस तारखेपर्यंत वाढवली आहे, पण कारण आणि सुधारणा लेखी हवी. तो म्हणाला, "भाऊजी, यंत्रात दोष होता असं लिहू. घरातली गोष्ट घरात."

"आणि अक्का?"

"अक्कांना दुसरीकडे काम बघून देऊ."

म्हणजे अठरा वर्षं इथं राबलेल्या बाईनं दुसरीकडे जायचं आणि पाटी माझी राहणार. खोटं का बोलू, क्षणभर मला ते बरं वाटलं. मग मेहुण्यापुढे नवा कागद घेतला. कारण: गुणवत्ता अधिकाऱ्याच्या खिशातील ओला स्पंज. संसर्ग लक्षात आणून देणारी व्यक्ती: पॅकिंगच्या मुख्य बाई. केलेली कारवाई: त्यांना कामावरून काढले. ते तिसरं वाक्य पुन्हा वाचून पाहिलं. खाली सही केली, पदासकट.

हिनं स्वयंपाकघरातून नवा साबण आणून माझ्यापुढे ठेवला.

गुरुवार, ४ एप्रिल

अक्कांच्या घरी गेलो. दोन खोल्या, चकचकीत घासलेली भांडी उतरत्या क्रमानं लावलेली. माझी रेकॉर्ड रूमसुद्धा इतकी नीट नव्हती.

त्यांनी बसायला दिलं, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. त्यांना आश्चर्य वाटलं नाही, तेच मला जास्त लागलं.

"चला ना उद्यापासून," मी म्हणालो.

"येईन की." त्या हळू आवाजात म्हणाल्या, "पण साहेब, माझी सून आहे आत. परवा तिनं विचारलं, आई, तुम्ही काय केलंत की इतक्या वर्षांनी काढलं? मी काय सांगणार होते? पट्ट्या फेकल्या म्हणून? ती आता माझ्या हातचं खाताना जरा बघून खाते."

मी उठलो, आतल्या दाराशी गेलो. सून भांडं हातात घेऊन उभी होती, तिनं सगळं ऐकलंच होतं. तरी मी म्हणालो, "बाई, तुमच्या सासूबाईंनी काही केलं नाही. घाण मी नेत होतो. त्या ती अडवत होत्या. जमेल तेवढी."

सुनेनं भांडं खाली ठेवलं आणि रडायला लागली. अक्का म्हणाल्या, "अगं, चहा टाक." एवढंच.

निघताना म्हणाल्या, "फेरी मात्र उलटी हं."

शनिवार, २० एप्रिल

तिसरा अहवाल आला. स्वच्छ. लागोपाठ तीन. दवाखान्याची पहिली गाडी सोमवारी निघेल.

खोलीवर आता अक्कांची पाटी आहे, दोन खिळ्यांची. मी गेले दोन आठवडे मधल्या दाराशी उभा असतो. आत जाणाऱ्यांचे खिसे रिकामे करून घेतो. पेन, नाणी, चाव्या, कंगवे. सगळं टोपलीत. पहिल्या दिवशी अक्कांनी पहिल्यांदा माझेच खिसे रिकामे करवले. नोंदवही आता बाहेरच्या खिळ्यावर टांगलेली असते, आणि डबी लॅबमधून परत मागायला मी गेलो नाही.

आज अहवाल वाचून अक्कांनी मला पहिल्यांदा आत बोलावलं. बूट बदलले, हात धुतले. त्यांनी पट्ट्यांचा सीलबंद गठ्ठा माझ्या हातात ठेवला. "घ्या साहेब, तुम्हीच द्या आज."

मी सील फोडलं. सवयीनं बोट खिशाकडे गेलं, खिशात काही नव्हतं. कोरड्या बोटानं पट्ट्या सुटेनात. चौघी बघत होत्या, पण आज कुणी हसलं नाही.

"मोजायला वेळ लागेल," मी म्हणालो.

"मोजायचं काय त्यात?" अक्का म्हणाल्या आणि गठ्ठ्याचं प्लास्टिक उलटं करून माझ्यापुढे धरलं.

निळ्या अक्षरांत छापलेलं होतं. 'शंभर नग.' प्रत्येक गठ्ठ्यावर छापलेलं असतं, म्हणाल्या. पहिल्यापासून.